जानेवारीत ऑक्सिजन शंभर टक्क्यांच्या वर का जातो?

लक्षण आधी सांगतो. रत्नागिरीच्या समुद्रातून पाणी आणायचं, विंकलरच्या रासायनिक पद्धतीने त्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा आणि त्या तापमानाला, त्या खारटपणाला जितका मावायला हवा त्याच्याशी भागायचं. उत्तर शंभराच्या वर आलं तर पाण्यातले वनस्पती-प्लवक (तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीसारखे जीव) श्वसनात खर्च होतो त्याहून जास्त ऑक्सिजन तयार करताहेत, म्हणजे समुद्र 'पिकतो' आहे, असा साधारण हिशेब. आमचे एप्रिलचे आकडे ९९ ते १०१ च्या दरम्यान यायचे. जानेवारीचे ११० ते ११२. दोन वर्षं हेच.

सांगलीत बसून समुद्र मोजायचा हट्ट कशासाठी, असं लोक विचारतात. एमएस्सीच्या पोरांना दरवर्षी कृष्णेचं पाणी तपासून कंटाळा येतो, हे एक कारण. दुसरं कारण माझी हौस. मिरकरवाडा बंदरातून एक ओळखीचा मच्छिमार आम्हाला होडीने आत नेतो. तिथे पाणी बाटलीत भरायचं, रसायनं घालून ऑक्सिजन 'बांधायचा' आणि संध्याकाळच्या गाडीने आंबा घाट चढून, कोल्हापूरमार्गे रात्री उशिरा सांगली. टायट्रेशन, म्हणजे ठरावीक ताकदीचं द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजणं, दुसऱ्या दिवशी सकाळी. आमची अडचण या वेळापत्रकातच दडलेली होती. ती सापडायला दोन जानेवाऱ्या गेल्या, कारण आकडा चुकीचा आहे अशी शंकाच कुणाला आली नाही.

शंका न यायलाही कारण होतं. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर थंड, कोरडे वारे वाहतात. वरचं पाणी थंड आणि जड होऊन खाली जातं, घुसळण होते, खालची पोषकद्रव्यं वर येतात आणि प्लवकांची भरभराट होते. हे पुस्तकात आहे आणि खरंही आहे. ते मुख्यतः गुजरातच्या बाजूचं आहे, रत्नागिरी बरीच दक्षिणेला आहे, ही बारीक गोष्ट आम्ही सोयीस्करपणे बाजूला ठेवली. एका मुलीने तर प्रकल्प-अहवालात 'हिवाळी बहर' असं झकास प्रकरण लिहिलं. मी त्यावर सही केली.

त्यात भर मीटरची. आमच्याकडे ऑक्सिजनचा एक साधा प्रोबवाला मीटर आहे. जानेवारीत होडीवर तो १०६-१०७ टक्के दाखवायचा. टायट्रेशन म्हणतं ११०, मीटर म्हणतो १०७. दोन वेगळ्या पद्धती, दोघांचं मत एकच. आणखी काय पुरावा हवा? एप्रिलमध्ये मात्र मीटर १०६ आणि टायट्रेशन १००. तेव्हा मी टायट्रेशन करणाऱ्या पोरांना झापलं. खरं तर वर्षभरातलं तेवढं एकच मोजमाप बरोबर होतं.

मीटर आधी निकालात काढू, कारण ते सोपं आहे. प्रोबला पाण्यात किती मिलीग्रॅम ऑक्सिजन आहे हे कळत नाही. त्याला कळतो ऑक्सिजनचा दाब. निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही सांगलीत, दमट हवेत धरून त्याला 'हे शंभर समज' असं शिकवायचो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. इथे हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, समुद्रकिनारी १०१३. सांगलीची विरळ हवा ज्याला शंभर टक्के वाटते, त्याला रत्नागिरीची साधी हवासुद्धा १०६-१०७ वाटणारच. प्लवक असोत वा नसोत. आमच्या मीटरमध्ये दाब भरायची सोय नाही. तुमच्यात असेल तर भरा. नसेल तर बंदरावर उतरल्यावर पहिलं काम म्हणजे ओल्या फडक्याजवळच्या हवेत प्रोब धरून पुन्हा कॅलिब्रेट करणं. साताऱ्याची मंडळी सांगलीपेक्षा उंचावर आहेत, त्यांचा मीटर आणखी चढा बोलेल.

मीटरचा दुसरा खोडा खारटपणाचा. खारटपणा शून्यावर ठेवून समुद्रात बुडवलात, तर टक्केवारी ठीक येते, पण मिलीग्रॅमचा आकडा गोड्या पाण्याच्या हिशेबाने येतो. २८ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला ७.८ मिलीग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.४ च्या आसपास. तो मिलीग्रॅमचा आकडा घेऊन कुणी समुद्राच्या तक्त्याने भागलं की बसल्या जागी वीस टक्क्यांहून जास्त बहर! हे आमच्याकडे एकदाच झालं आणि लगेच पकडलं गेलं, कारण आकडा फारच अचाट होता. चूक छोटी आणि पटण्याजोगी असली की ती वर्षानुवर्षं नांदते.

आता टायट्रेशन. इथे आम्ही साप साप म्हणून बरीच भुई धोपटली, तीही सांगतो, कारण तुमचा साप कदाचित तिथेच असेल.

पहिला संशय थायोवर. थायो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ज्याने आम्ही टायट्रेशन करतो. त्याचं द्रावण जुनं झालं की कमजोर होतं. कमजोर झालं की ब्युरेटमधून (खुणा केलेल्या, तोटीच्या काचनळीतून) जास्त उतरतं, आणि जास्त उतरलं की ऑक्सिजन जास्त दिसतो. जानेवारीची बाटली जुनी असेल, असं वाटलं. पोटॅशियम आयोडेटने त्याच सकाळी प्रमाणित करून पाहिलं. थायो ठीक निघालं. तरी हे रोज करा. महिन्यापूर्वी बाटलीवर लिहून ठेवलेल्या नॉर्मॅलिटीवर (द्रावणाच्या ताकदीच्या आकड्यावर) विसंबणं म्हणजे मागच्या वर्षीच्या पंचांगावर मुहूर्त काढणं.

दुसरा संशय बाटल्यांच्या मापावर. ३०० मिलीची बीओडी बाटली (पाण्याची ऑक्सिजनची जैविक मागणी मोजायची, काचेच्या बुचाची) नेमकी ३०० ची नसते. प्रत्येक बाटली तिच्याच बुचासकट, रिकामी आणि भरून वजन करून तिचं खरं माप काढायचं आणि बाटली-बुचावर एकच नंबर घालायचा. धुताना बुचं अदलाबदल झाली की माप बदललं. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी बुचं दोऱ्याने बाटलीला बांधली, प्रश्न मिटला. पण हा फरक जानेवारी-एप्रिल असा भेद करत नाही.

तिसरा संशय भरताना अडकलेल्या बुडबुड्यावर. हा खरा शत्रू आहे, म्हणून थोडं थांबतो. ३०० मिली समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वायुरूपात मोजला तर जेमतेम १.३५ मिली भरतो. वाटाण्याएवढा बुडबुडा साधारण ०.१ मिलीचा, त्यात ऑक्सिजन ०.०२ मिली. म्हणजे एक वाटाणा दीड टक्का. सॅम्पलरच्या (पाण्याचा नमुना घ्यायच्या भांड्याच्या) तोटीला रबरी नळी लावून ती बाटलीच्या तळापर्यंत न्यायची, पाणी खळखळ न करता भरायचं, बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पाणी वरून वाहून जाऊ द्यायचं, नळी हळूच वर काढायची. रसायनं पिपेटने पृष्ठभागाच्या खाली सोडायची. आणि लाटा फुटतात तिथलं पाणी घ्यायचंच नाही. तिथे समुद्र स्वतःच बुडबुडे ओढून घेत असतो. भाट्याच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून घेतलेला नमुना फोटोला छान, मोजायला निरुपयोगी. आम्ही हे सगळं काटेकोर केलं. जानेवारी तरी ११०.

सुगावा मामांकडून लागला. दुसऱ्या जानेवारीत सकाळी बाटल्या काढताना ते म्हणाले, "सर, काल रात्री ह्यात बुडबुडे नव्हते." आणि खरोखरच प्रत्येक बुचाखाली हरभऱ्याहून मोठा बुडबुडा होता. माझं उत्तर तयार होतं. पाण्यात ऑक्सिजन जादा आहे, तोच बाहेर पडला असणार! पोरांनी माना डोलावल्या. बहराला आणखी एक पुरावा मिळाला.

रात्री घरी जेवताना घास हातात राहिला. पाणी थंड झालं होतं. थंड पाणी वायू सोडत नाही, जास्त धरतं. पातेल्यात पाणी तापवताना कडेला बुडबुडे येतात, फ्रीजमध्ये नाही. हे मी अकरावीच्या पोरांना शिकवतो. मग तो बुडबुडा आला कुठून?

बाहेरून. पाणी थंड झालं की आकसतं. समुद्राचं पाणी २८ अंशांवरून १८ वर आलं की त्याचं आकारमान ०.२८ टक्क्यांच्या आसपास घटतं; ३०० मिलीच्या बाटलीत, काचेचं आकसणं वजा करून, सुमारे ०.८ मिली. एवढी जागा रिकामी राहू शकत नाही. घासून बसवलेल्या काचेच्या बुचाच्या कडेने काहीतरी आत ओढलं जाणारच. कडेला पाणी असेल तर पाणी, हवा असेल तर हवा. ०.८ मिली हवेत ऑक्सिजन ०.१७ मिली. बाटलीतल्या १.३५ शी तुलना करा: साडेबारा टक्के.

आता 'बांधलेल्या' बाटलीत काय असतं ते आठवा. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिलेली ही पद्धत आजही टिकून आहे. मँगनीजचा क्षार आणि आयोडाइड मिसळलेलं अल्कली घातलं की मँगनीज हायड्रॉक्साइडचा साका बनतो आणि तो पाण्यातला ऑक्सिजन गिळून तपकिरी होतो. नंतर आम्ल घातलं की जितका ऑक्सिजन गिळला तितकं आयोडीन सुटतं, ते थायोने मोजायचं. पण सगळा साका तपकिरी झालेला नसतो. मँगनीज मुद्दाम जादा घातलेलं असतं, म्हणजे भुकेला साका शिल्लक असतो. नवीन हवा आत आली की तो तिच्यातला ऑक्सिजनही गिळतो, आणि हा समुद्रातला, हा सांगलीतला असा भेद त्याला करता येत नाही.  सकाळी उरलेला बुडबुडा बहुतांशी नायट्रोजनचा असावा.

जानेवारीत समुद्र २८ अंशांचा आणि प्रयोगशाळेतली पहाट १८ ची. एप्रिलमध्ये उलट: सांगली समुद्राहून तापलेली, पाणी फुगून बुचाच्या कडेने उलट थोडं बाहेर येतं, हवा आत शिरायचा प्रश्नच नाही. आमचा 'हिवाळी बहर' म्हणजे सांगलीची थंडी होती.

खात्री अशी केली. आयर्विन पुलाजवळून कृष्णेचं पाणी आणून टबात उन्हात ठेवलं. कोमट झाल्यावर नळीने सहा बाटल्या भरल्या, सगळ्यांत रसायनं घातली. दोन लगेच टायट्रेट केल्या. दोन बाटल्यांच्या पसरट तोंडात बुचाभोवती पाणी भरून वर प्लास्टिकची टोपी बसवली. दोन तशाच कोरड्या तोंडाच्या ठेवल्या. चारही रात्रभर गच्चीवर. सकाळी हलवून आम्ल घालून मोजल्या. पाण्याचं आळं केलेल्या दोन्ही आदल्या दिवशीच्या आकड्याला चिकटून, कोरड्या दोन्ही वर. पाण्याचं आळं का चालतं, तेही हिशेबाने पाहा: ०.८ मिली पाणी आत गेलं तर त्याच्यासोबत ऑक्सिजन जातो ०.००३५ मिली. हवेतल्याच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. बीओडी बाटलीचं तोंड तसं पसरट का असतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

(कृष्णेच्या पाण्यावर हा प्रयोग करणाऱ्यांसाठी एक आडवाट. टायट्रेशन संपून स्टार्चमुळे आलेला आयोडीनचा निळा रंग गेला, नोंद केली आणि मिनिटभरात निळा पुन्हा आला, तर ते नायट्राइट आहे. सांगलीचं सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याच्या खालच्या अंगाला हे हमखास होतं. अल्कली-आयोडाइडमध्ये सोडियम अझाइड मिसळलेलं वापरा. अझाइड विषारी आहे, तोंडाने पिपेट ओढायची जुनी सवय इथे अजिबात नको. आणि स्टार्च अगदी शेवटी, रंग गवती पिवळा झाल्यावर घाला.)

आता आमची रीत अशी. बाटली बांधली की झाकणाच्या बादलीत, समुद्राच्याच पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायची. बुचाभोवतीचं आळं गाडीत हिंदकळून सांडतं, बुडवलेल्या बाटलीला ती भीती नाही. बादली थर्माकोलच्या खोक्यात, अंधारात. आणि जमेल तेव्हा टायट्रेशन रत्नागिरीतच, मुक्कामाच्या खोलीत, त्याच संध्याकाळी. ब्युरेट प्रवासात नेण्याचा ताप आहे, पण एक ब्युरेट फुटणं दोन वर्षं फुकट जाण्यापेक्षा स्वस्त.

हे सगळं सुधारल्यावर जानेवारीचा आकडा १०२-१०३ वर आला. मग पोरांनी विचारलं, हे दोन-तीन टक्के तरी जिवांचे का? प्रश्न योग्य आहे आणि आमच्या साधनांनी त्याचं पूर्ण उत्तर देता येत नाही.

कारण हवा फक्त बाटलीत शिरत नाही, समुद्रातही शिरते. वारा सुटला, लाटा फुटल्या की बुडबुडे खोल दाबले जातात आणि विरघळतात. दुपारी पाणी तापलं की मावण्याची हद्द खाली येते. अंशाला साधारण दीड टक्का. पाणी दोन अंश तापलं आणि जादा ऑक्सिजन हवेत जायला वेळ मिळाला नाही, तर १०३ टक्के आपोआप. एकही प्लवक लागत नाही.

यावर जगभरचे समुद्रशास्त्रज्ञ जी युक्ती वापरतात ती मला फार आवडते. ते ऑक्सिजनच्या जोडीला आर्गॉन मोजतात. आर्गॉन हवेत ०.९३ टक्के असतो. पाण्यात विरघळण्याचं त्याचं प्रमाण, तापमानाबरोबर बदलण्याची त्याची चाल, पाण्यात पसरण्याचा वेग, सगळं ऑक्सिजनच्या जवळपास. फरक एवढाच की आर्गॉनला कुठलाही जीव शिवत नाही. ना कुणी तो बनवत, ना कुणी श्वसनात वापरत. म्हणून पाणी तापलं किंवा बुडबुडे घुसले तर दोघेही जवळपास सारखे वर-खाली होतात. प्लवकांनी काही केलं तर फक्त ऑक्सिजन हलतो. दोघांचं गुणोत्तर समतोलाच्या गुणोत्तराने भागून एक वजा केला की उरतं ते जवळजवळ निव्वळ जिवांचं खातं. १९८७ साली क्रेग आणि हेवर्ड यांनी पॅसिफिकमध्ये याच गुणोत्तराने जैविक आणि भौतिक वाटे वेगळे करून दाखवले. आता जहाजावरच पाणी पंपाने घेत, पातळ पडद्यातून वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (कणांचं वस्तुमान ओळखणाऱ्या यंत्रात) सोडून, वाटेने सतत वस्तुमान ३२ चा ऑक्सिजन आणि ४० चा आर्गॉन मोजतात. किंवा निर्वात काचेच्या बाटल्यांत पाणी घेतात. त्यांत जीवजंतूंनी वाटेत श्वसन करू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड आधीच घातलेलं असतं.

एका टक्क्याची किंमत किती, तेही पाहा. वायूच्या देवाणघेवाणीचा वेग समजा दिवसाला ३ मीटर धरला. मावणारा ऑक्सिजन घनमीटरला सुमारे २०० मिलिमोल. एक टक्का जैविक जादा म्हणजे ३ × २०० × ०.०१, दिवसाला चौरस मीटरमागे ६ मिलिमोल ऑक्सिजन हवेत जातोय. ऑक्सिजन आणि कार्बनचं प्रमाण १.४ धरलं तर साधारण ५० मिलीग्रॅम कार्बन. आमचे जानेवारीचे खोटे दहा टक्के म्हणजे दर चौरस मीटरला रोज अर्धा ग्रॅम कार्बनचं पीक, जे कधी उगवलंच नाही.

आणि आर्गॉनही सगळ्यावर उतारा नाही. हा हिशेब वरचा थर स्थिर आहे असं धरून चालतो. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याला खालचं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकतं. त्यात आर्गॉन नेहमीइतका, ऑक्सिजन कमी. गुणोत्तर घसरतं, आणि वरचे प्लवक जोरात वाढत असतानाच आकडा म्हणतो समुद्र तोट्यात आहे. तो तोटा खालच्या थरातल्या जुन्या श्वसनाचा असतो. जून ते सप्टेंबर मिरकरवाड्याची होडी आम्हाला नेत नाही, म्हणून ही अडचण आमच्यापर्यंत आलेली नाही.

मास स्पेक्ट्रोमीटर नसलेल्यांनी निदान हे करावं: एकाच ठिकाणी पहाटे आणि संध्याकाळी नमुना घ्यावा, दोन्ही वेळचं पाण्याचं तापमान दशांशापर्यंत नोंदवावं, आणि जोडीला गार्डर आणि ग्रान यांची १९२७ पासूनची उजेड-अंधाराच्या बाटल्यांची पद्धत लावावी: तेच पाणी एका पारदर्शक आणि एका झाकलेल्या बाटलीत ठेवून ऑक्सिजन मोजायचा. बंद बाटलीत लाट फुटत नाही, त्यामुळे तिथला फरक जिवांचाच. अंधारातल्या बाटलीत सुरुवातीपेक्षा जास्त ऑक्सिजन निघाला तर अंधारात प्रकाशसंश्लेषणाचा शोध लागला असं समजू नका. सुरुवातीची बाटली पुन्हा तपासा. आणि बुचाखाली पाहा.

मीटरच्या खोक्यावर आता मामांच्या अक्षरात 'रत्नागिरीत पोचल्यावर' एवढंच लिहिलेलं आहे. त्या दोन जानेवाऱ्यांच्या नोंदी रजिस्टरमधून खोडल्या नाहीत; शेजारी लाल शाईने 'बाटल्या कोरड्या तोंडाच्या' असं लिहून खाली मी सही केली आहे.